मॅनपॉवर सेव्हिंग : दोन

कस्टमरचा फोन आला तेव्हा त्यांची लाइन थांबून बावीस मिनिटं झाली होती. उजव्या दरवाज्याच्या हँडलच्या बॉक्समध्ये डाव्या दरवाज्याचं एक हँडल निघालं होतं. एकच. पण गाड्यांच्या धंद्यात तेवढं पुरतं. आमचे प्लांट हेड बोरकर साहेब मला म्हणाले, "गायकवाड, गाडी काढ. तू जा आणि शिव्या खाऊन ये."

मी गेलो. कस्टमरचा प्लांट आमच्यापासून चार किलोमीटरवर, पण चाकणच्या रस्त्यावर कंटेनरांची रांग असली की त्याला पाऊण तास लागतो. शिव्या खाल्ल्या, ते डावं हँडल खिशात घातलं आणि परत आलो. क्वालिटीच्या माणसाच्या नोकरीत शिव्या खाणं धरलेलंच असतं, त्याचं मला काही वाटत नसे. मी तीस वर्षं हेच करत आलो होतो.

आमची कंपनी मोटारींच्या दरवाज्यांची हँडल बनवायची. डावं आणि उजवं हँडल समोरून बघितलं तर जुळ्या भावांसारखी दिसतात. फरक असतो मागच्या बाजूला. तिथं प्लास्टिकची एक छोटी खुंटी असते, ती डाव्यात वरच्या अंगाला आणि उजव्यात खालच्या. घाईत ती कुणाच्या लक्षात येत नाही. मिनिटाला चार हँडल पॅक करणाऱ्या माणसाला घाईच असते.

अशी तक्रार आली की आमच्याकडे पहिला उपाय ठरलेला. पॅकिंगपुढे एक टेबल टाकायचं, दोन माणसं बसवायची आणि प्रत्येक हँडल उलटंपालटं करून त्यावर मार्करचा पिवळा ठिपका लावायचा. याला 'क्वालिटी गेट' म्हणतात. नाव भारदस्त, काम ठिपक्याचं. त्या टेबलावर आम्ही वंदना आणि मंगल या दोघींना बसवलं.

दोघी कॉन्ट्रॅक्टवरच्या. म्हणजे काम आमच्या शेडमध्ये, आमच्या मशिनवर, आमच्या सुपरवायझरच्या हाताखाली. पण कागदावर त्या ठेकेदाराच्या. वर्ष भरायच्या आत त्यांना 'ब्रेक' मिळायचा. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. नाव कमी करायचं, पंधरा-वीस दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं पुन्हा घ्यायचं, म्हणजे परमनंटचा प्रश्नच कधी उभा राहत नाही. वंदना परभणीकडची. नवरा वारलेला, मुलगी दहावीत, म्हाळुंग्याला एक खोली. कंपनी चालत जाण्याच्या अंतरावर आणि शिफ्ट कायम पहिली, म्हणून ती टिकून होती. तीन वाजता सुटली की मुलगी शाळेतून यायच्या आत घरी. मुलीची दहावी इथंच पार पाडायची, एवढाच तिचा हिशेब. मंगल जवळच्याच गावची, जुन्या घरातली. तिच्या सासऱ्याचं वावर एमआयडीसीत गेलेलं. ती हसत सांगायची, "सर, आमची इहीर व्हती ना, ती तुमच्या कॅन्टीनच्या खाली हाय." मी पण हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

टेबल टाकून तीन आठवडे झाले असतील. राउंडला गेलो तर वंदनानं थांबवलं.

"सर, एक दाखवू का? रागावणार नाही ना?"

तिनं पॅकिंगचा ट्रे पुढे ओढला. त्याच्या एका खणात रबरी चपलेच्या तळाचा एक तुकडा बसवला होता. निळा, झिजलेला. त्याला एका बाजूला भोक पाडलेलं. तिनं उजवं हँडल त्या खणात ठेवलं, ते नीट बसलं, खुंटी बरोबर भोकात गेली. मग डावं ठेवलं. ते वर राहिलं, डुगडुगायला लागलं.

"असं वर राह्यलं की झाकण लागत नाही सर. मग डावं जाईलच कसं? आपण उगी डोळे फोडून घ्यायलोत."

मी तो ट्रे हातात घेतला आणि स्वतः दोन्ही हँडल आलटून पालटून बसवून बघितली. या प्रकाराला आम्ही 'पोकायोके' म्हणतो. जपानी शब्द आहे. माणसाला 'चूक करू नको' असं सांगत बसायचं नाही, चूक होऊच शकणार नाही अशी सोय करायची. मी यावर शंभरएक लेक्चरं दिली असतील. कस्टमरला पाठवलेल्या माझ्या उत्तरात 'ऑपरेटरला ट्रेनिंग देण्यात आलं' असं वाक्य होतं. आणि या बाईनं जुन्या चपलेतून पोकायोके काढला होता.

टूलरूममधून त्याच मापाचे नायलॉनचे ठोकळे करून घेतले. सगळ्या ट्रेंत बसवले. महिनाभर मोजलं. चूक शून्य. मला मनापासून आनंद झाला होता, ते खोटं नव्हतं. माझे वडील आकुर्डीच्या पट्ट्यात कामगार होते. लातूरकडून आले, हेल्पर म्हणून लागले आणि पाचव्या वर्षी परमनंट झाले. परमनंटचं पत्र त्यांनी पत्र्याच्या पेटीत माझ्या शाळेच्या दाखल्यावर ठेवलं होतं. त्या एका कागदाच्या जोरावर आम्ही तिघं भावंडं शिकलो, विहाराच्या अभ्यासिकेत बसून मी डिप्लोमा केला. वडील नेहमी म्हणायचे, साहेब लोक आमच्या हाताकडं बघतात, डोक्याकडं कुणी बघत नाही. मला वाटलं, मी बघितलं. आता हे सगळ्यांना दाखवायचं.

तिथून माझी चूक सुरू झाली.

आमच्या पट्ट्यात कायझेनच्या स्पर्धा असतात. कायझेन म्हणजे कामात केलेली छोटी सुधारणा. कंपनीकंपनीचे गट येतात, स्टेजवर सुधारणा मांडतात, नाटिका करतात, घोषणा देतात, आणि जज मार्क देतात. त्यासाठी एक शीट भरावं लागतं. डावीकडे आधीचा फोटो, उजवीकडे नंतरचा, खाली फायद्याचे रकाने. क्वालिटी, सेफ्टी, कॉस्ट वगैरे. क्वालिटीत मी 'मिक्सिंग शून्य' लिहिलं. एवढ्यावर सिल्व्हर मिळतं. गोल्ड हवं असेल तर कॉस्टचा रकाना भरावा लागतो, हे मला अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. मी स्वतः जज म्हणून बसलेला माणूस. सुधारणा झाली तर तपासणीचं टेबल लागत नाही, हे उघड होतं. मी लिहिलं : 'मॅनपॉवर सेव्हिंग : २'.

शीट इंग्रजीत होतं. वंदना बारावी झालेली, तिनं बोट ठेवून विचारलं, "हे टू काय आहे सर?"

"हे टेबल बंद होणार. तुम्ही दोघी असेंब्लीवर जाल. ठिपके लावण्यापेक्षा बरं काम आहे."

"नक्की ना सर? पोरीची दहावी आहे."

"वंदनाताई, मी आहे ना."

मग तिनं 'टीम लीडर' या शब्दाखाली सही केली. वळणदार, पूर्ण नावाची.

चिंचवडच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. कंपनीनं टीमला एकसारख्या मोरपंखी साड्या दिल्या. दोन आठवडे तालीम चालली. मी जज होऊन त्यांना प्रश्न विचारायचो. मला माहीत होतं, हा प्रश्न येतोच, म्हणून त्याचं उत्तर मी घोकून घेतलं होतं. आणि तो आला.

"वाचलेल्या दोन ऑपरेटरचं काय केलंत?" जजनं विचारलं.

वंदनानं माइक धरला. "सर, दोघींना रिडिप्लॉय केलं. दुसऱ्या जास्त चांगल्या कामावर घेतलं."

टाळ्या पडल्या. अजून कुठंही घेतलेलं नव्हतं. पण घेतलं जाणारच होतं, असं मी धरून चाललो होतो. गोल्ड मिळालं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर दहा फुटी बॅनर लागला. वंदनाचा हसरा फोटो, हातात कप आणि वर लिहिलेलं : 'सर्वांना सोबत घेऊन प्रगती'. हेड ऑफिसच्या वार्षिक अहवालातही तो फोटो छापून आला. समावेशक विकासाच्या पानावर.

टेबल बंद झालं. दिवाळी उलटली तरी दोघी इकडंतिकडंच वापरल्या जात होत्या. कुणी रजेवर असलं की त्याच्या जागी. मी सुपरवायझरला दोनदा आठवण केली, तो म्हणाला, "सर, वरनं यादी येऊ द्या." डिसेंबरात यादी आली. दर वर्षी प्रत्येक लाइनला किती माणसं हा आकडा ठरून येतो, त्याला 'अप्रूव्ह्ड मॅनपॉवर' म्हणतात. आमच्या लाइनची दोन माणसं कमी झाली होती. शेऱ्यात माझ्या कायझेनचा नंबर होता.

मी एचआरच्या मॅडमकडे गेलो. तरुण, हुशार, कामाला वाघ.

"मॅडम, या दोघी गोल्डवाल्या आहेत. यांना असेंब्लीवर घ्यायचं ठरलंय."

"सर, त्या आपल्या नाहीत, व्हेंडरच्या आहेत. आपण व्हेंडरला दोन पोझिशन कमी सांगितल्या. कुणाला कमी करायचं ते त्याचं बघणं."

"गेटवरच्या बॅनरवर तर त्या आपल्या आहेत."

"बॅनर सीएसआरवाल्यांचा आहे सर. माझ्याकडे येत नाही."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

मग बोरकरांकडे गेलो. बोरकर काही राक्षस नव्हते. कॅन्टीनमध्ये कामगारांच्या रांगेत उभे राहून जेवण घ्यायचे. मी आत जाऊन उभ्या उभ्याच म्हणालो, "साहेब, त्या दोघींना दुसरीकडं घ्यायचं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

"स्टेजवर जजला सांगितलंय."

"जजला सांगितलं ते जजसाठी रे. तू सेव्हिंग दोन दाखवलंस. ते हेड ऑफिसला गेलं. तिथून कस्टमरला गेलं, त्यांनी त्यावर आपल्याकडून भाव कमी करून घेतला. आता त्याच दोन बायका माझ्या असेंब्लीवर दिसल्या तर सेव्हिंग कुठं राहिलं?"

"त्यांनीच काढलं ते साहेब. डोकं त्यांचं आहे."

"मान्य. म्हणून तर कप दिला." मग ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "तुला इतकंच वाटत असेल तर लिहून दे. क्लेम चुकीचा होता, मॅनपॉवर सेव्हिंग शून्य. तुझ्या सहीनं. मी पुढं पाठवतो. होईल ते होईल."

एवढा सरळ रस्ता होता. मी कागद घेऊन माझ्या केबिनमध्ये आलो. तारीख घातली. 'प्रति' लिहिलं. मला अठ्ठावन्न पूर्ण व्हायला पाच महिने होते आणि निवृत्तीनंतरच्या माझ्या एक्स्टेन्शनची फाइल बोरकरांच्याच टेबलावर होती. चुकीचा क्लेम करणाऱ्या क्वालिटी मॅनेजरला कुणी एक्स्टेन्शन देत नाही. धाकट्याचं शिक्षण चालू आहे, फ्लॅट फिटायचाय, असं सगळं मी मनाला सांगितलं. ते खरंही होतं. कागद चार दिवस टेबलावर राहिला, मग फाइलीखाली गेला. पुढं एक अक्षर लिहिलं नाही. कुणी अडवलं नव्हतं मला. मी भित्रा निघालो, बाकी काही नाही.

महिनाअखेरीला ठेकेदाराच्या माणसानं दोघींना गेटवरच थांबवून कार्डं मागून घेतली. मला कळल्यावर मी धावत गेलो. मंगल पदर खोचून त्या माणसाशी भांडत होती. "आमी काय चोरी केली का? सांग की! काम बंद पडलं म्हंतो. बंद आमीच पाडलं न्हवं?" मग वंदनाकडे वळून म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलं बघ आपण."

वंदना भांडत नव्हती. तिच्या डोक्यावर तिचाच दहा फुटी फोटो हसत होता. तिनं मला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता विचारलं, "सर, त्या कागदावर तुम्ही दोन लिहिलं होतं ना. ते दोन म्हणजे आम्हीच होतो ना?"

मी म्हणालो, "ताई, मी बघतो दुसरीकडं कुठं जमतंय का."

"तुम्हाला तवाच ठाऊक होतं का सर?"

ठाऊक नव्हतं, असं मी म्हणालो. तेही पूर्ण खरं नाही. जज म्हणून बसलेल्या माणसाला पुढं काय होतं ते विचारायचं सुचलं नाही, असं म्हणणं म्हणजे शुद्ध लबाडी. मला गोल्ड हवं होतं. तिच्यासाठी हवं होतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय.

मी खरंच दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. कुठं जागा नव्हती, कुठं रात्रपाळी होती. दोन महिने वंदना घरी होती. खोली सुटली. मुलीला मामाकडे परभणीला पाठवलं. परीक्षेचं सेंटर चाकणला, म्हणून परीक्षेपुरती ती मैत्रिणीच्या घरी येऊन राहिली आणि पेपर दिले. गणित राहिलं. हे मला मंगलकडून कळलं, तिनं तोवर चौकात वडापावची गाडी टाकली होती. मी गेलो की ती वडा देते, पण पूर्वीसारखं बोलत नाही.

कंपनीत काय झालं तेही सांगतो, कारण हा भावनेचा नव्हे, व्यवस्थापनाचा विषय आहे असं मला बजावून सांगणारे बरेच आहेत. त्या वर्षापासून आमच्या लाइनवरून आलेल्या कायझेनची संख्या कमी झाली नाही. टार्गेट असतं, ते भरतातच. पण सगळ्या कशा? 'झाडू ठेवायला खुंटी मारली'. 'पाण्याच्या नळावर पाटी लावली'. 'जमिनीवर पिवळी पट्टी ओढली'. ज्यानं एखाद्या माणसाचं काम कमी होईल असं एकही शीट माझ्या उरलेल्या दीड वर्षात आलं नाही. मिरर कव्हरच्या लाइनवर तसाच डाव्या-उजव्याचा घोळ झाला. तिथल्या जुन्या ऑपरेटरला मी विचारलं, काही सुचतंय का. तो म्हणाला, "न्हाई सर, आमाला कुठलं एवढं डोकं." आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं की पुढचं मी विचारलं नाही. आम्ही तिथं टेबल टाकलं. दोन माणसं बसवली.

एक्स्टेन्शन मला मिळालं. वर्षभराचं.

निवृत्तीनंतर मी पिंपळे गुरवला घरी बसून कंटाळलो, म्हणून कंपन्यांत ट्रेनिंग देतो. पोरांना सांगतो, मॅनपॉवरच्या रकान्यात आकडा लिहायच्या आधी त्या माणसाचं नाव लिहा आणि त्याची नवी जागा लेखी घ्या. मिळत नसेल तर रकाना मोकळा सोडा. पोरं मान डोलावतात. चहाच्या सुट्टीत एखादा येऊन विचारतो, "सर, मार्क कमी पडले तर?" मी म्हणतो, पडतील.

गेल्या महिन्यात वंदनाचा फोन आला. मला दचकायला झालं. मुलीला आयटीआयला घालायचंय, कुठला ट्रेड बरा, एवढंच तिला विचारायचं होतं. गणित निघालं होतं. बोलता बोलता मी विचारलं, सध्या काम कुठं. म्हणाली, तळेगावच्या बाजूला, वायरिंगच्या कंपनीत. कॉन्ट्रॅक्टवरच. जायला-यायला बस, दीड-दीड तास.

"काम बरं आहे का?"

"हाव सर. तपासायला बसवलंय. एक कनेक्टर उलटा बसायलाय, रोज माल परत येतो. साहेब लोक डोकं धरून बसलेत. मीटिंगावर मीटिंगा."

माझा स्वभाव जात नाही. मी विचारलं, "का बसतोय उलटा?"

"मला माहितेय सर. दोन दिवसात नीट होईल असं आहे. सांगू का त्यांना?"

"तपासायला किती जणी आहात?"

"तिघी."

तीस वर्षं मी माणसांच्या मागं लागलो की जे सुचेल ते बोला, लाजू नका, वर आणा. त्या बाईला मी म्हणालो, "नका सांगू, वंदनाताई."

"बरं," ती म्हणाली. मग आम्ही इलेक्ट्रिशियन बरा की फिटर यावर बोललो. त्या वायरिंगच्या कंपनीचा क्वालिटी मॅनेजर माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा आहे. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मी त्यालाही फोन केलेला नाही.